बजेट कार्बाइनचा फॅक्टरी ट्रिगर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती अमेरिकेतल्या एआर-15 धर्तीच्या स्वस्त, सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइनबद्दल आहे. म्हणजे रुगर एआर-556, स्मिथ अँड वेसन एम अँड पी 15 स्पोर्ट, पाल्मेटो स्टेट आर्मरीची पीए-15 अशा बंदुका. मराठीत ट्रिगरला चाप आणि हॅमरला घोडा म्हणतात. पण पार्ट मागवताना आणि माहितीपत्रक वाचताना इंग्रजी नावंच समोर येतात, म्हणून इथे बहुतेक ठिकाणी तीच ठेवली आहेत.

मी एच-1बी व्हिसावर आहे. मला हे सगळं लागू होतं का?

आधी याचं उत्तर वाचा, बाकीचं नंतर. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार (18 यूएससी 922) नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 हे सगळे त्यात येतात. बंदीला थोडे अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. तो नसेल तर मित्राची बंदूक रेंजवर हातात घेणंही 'बाळगणं' ठरू शकतं, आणि त्याचा फटका थेट इमिग्रेशनला बसतो. ग्रीन कार्डधारकांना ही व्हिसाची बंदी लागू नाही. पण राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत, ते स्वतंत्रपणे तपासा. शंका असेल तर ट्रिगरवर शंभर डॉलर घालण्याआधी वकिलाला विचारा.

फॅक्टरी ट्रिगर इतका जड आणि खरखरीत का असतो?

कारण त्याची मूळ रचना सैन्यासाठी झाली. लष्करी काडतुसाचा प्रायमर (तळाशी असलेली, ठोका बसताच पेटणारी टोपी) कडक असतो. तो चिखलात, थंडीत, प्रत्येक वेळी फुटलाच पाहिजे म्हणून हॅमरची स्प्रिंग दणकट ठेवलेली असते, आणि तिचा सगळा दाब ट्रिगरच्या टोकावर येतो. लष्करी मापदंडात 5.5 ते 9.5 पौंड, म्हणजे अंदाजे 2.5 ते 4.3 किलो, एवढा ओढ (चाप ओढायला लागणारा जोर) चालतो. बजेट कार्बाइनमध्ये तो साधारण 6 ते 8 पौंड निघतो.

खरखर वेगळ्या कारणाने येते. हॅमरची खाच आणि ट्रिगरचं टोक (सिअर) हे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत सरकतात. स्वस्त पार्टवर मशिनिंगच्या रेघा तशाच राहिलेल्या असतात आणि वर फॉस्फेटचा खडबडीत थर असतो. म्हणून बोट दाबलं की चाप टप्प्याटप्प्याने, अडखळत सरकतो. या सरकण्याला क्रीप म्हणतात. नेमबाजाला पौंडांपेक्षा क्रीपच जास्त नडतो. सहा पौंडांचा स्वच्छ सुटणारा ट्रिगर साडेचार पौंडांच्या अडखळणाऱ्या ट्रिगरपेक्षा कितीतरी बरा.

ट्रिगर बदलल्याने बंदूक जास्त अचूक होते का?

बंदूक तेवढीच राहते. नळी आणि काडतूस ठरवतील तेवढीच तिची अचूकता. फरक पडतो तो माणसात. या कार्बाइनचं रिकामं वजन साधारण साडेसहा पौंड असतं आणि चाप ओढायला सात पौंड लागतात. म्हणजे बंदुकीच्या वजनापेक्षा जास्त जोर एका बोटाने लावायचा आणि तरी नळी हलू द्यायची नाही. बेंचवर वाळूच्या पिशव्या लावून नेम धरलात तर फरक कमी जाणवेल. उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून नेम धरलात तर खूप जाणवेल.

बदलण्याआधी काही करून पाहावं का?

हो, आणि ते फुकट आहे. बंदूक पूर्ण रिकामी करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, वरचा भाग (अपर) जोडलेला असताना 300 ते 500 वेळा ड्राय फायर करा, म्हणजे काडतुसाशिवाय नुसता चाप दाबा. घासणारे पृष्ठभाग एकमेकांवर बसतात आणि खरखर बऱ्यापैकी कमी होते. एआर-15 ला ड्राय फायरने इजा होत नाही. मात्र अपर काढलेलं असताना हॅमर सोडायचा नाही. तो बोल्ट कॅचवर (बोल्ट मागे अडकवणाऱ्या कळीवर) आणि रिसीव्हरच्या, म्हणजे ट्रिगर ज्यात बसतो त्या सांगाड्याच्या, अॅल्युमिनियमवर आदळतो, खळगा पडतो, कधी बोल्ट कॅच वाकतो. त्यानंतर सिअरच्या टोकावर आणि हॅमरच्या खाचेत टाचणीच्या डोक्याएवढं मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लावा, दोन्ही पिनांवर तेलाचा एकेक थेंब द्या. एवढ्यावर समाधान झालं तर पैसे काडतुसांवर घाला. सराव कुठल्याही ट्रिगरपेक्षा जास्त देतो.

कानस किंवा पॉलिश पेपरने घरीच गुळगुळीत केला तर?

नको. याबाबत आमचं मत पक्कं आहे. या पार्टचं पोलाद फक्त वरच्या पातळ थरापुरतं कडक केलेलं असतं, आतलं मऊ असतं. कानशीने तो थर गेला की आज ट्रिगर लोण्यासारखा वाटेल आणि काही शे गोळ्यांनंतर सिअरचं टोक झिजून गोल होईल. शिवाय सिअर आणि खाच यांचा कोन अंशाच्या अंशाने जरी बदलला तरी हॅमर धक्क्याने सुटू शकतो. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) जोरात पुढे आला की हॅमर आपोआप मागोमाग जातो, आणि त्या वेळी चेंबरमध्ये (नळीमागच्या काडतुसाच्या जागेत) गोळी असते.

तेच स्प्रिंगचे पाय कापण्याबद्दल, स्प्रिंग वाकवण्याबद्दल आणि ग्रिपच्या (मुठीच्या) भोकातून स्क्रू घालून सिअरची पकड कमी करण्याबद्दल. हे 'पंधरा मिनिटांत ट्रिगर जॉब' सेफ्टीचं काम बिघडवतात, आणि बिघाड पटकन दिसत नाही.

मग पर्याय कोणते? माझं बजेट शंभर डॉलरच्या आसपास आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे फक्त स्प्रिंगचा संच. जेपी एंटरप्रायझेसच्या कमी ताणाच्या स्प्रिंग प्रसिद्ध आहेत आणि दहा-पंधरा डॉलरमध्ये मिळतात. ओढ एक-दीड पौंडाने उतरतो, पण खरखर तशीच राहते. हॅमरची स्प्रिंग कमजोर झाल्याने कडक प्रायमर कधी कधी फुटत नाही. लष्करी 5.56 मिमी आणि पोलादी पुंगळीची स्वस्त काडतुसं यात जास्त अडतात. कागदी टार्गेटसाठी हे चालेल. घराच्या संरक्षणासाठी ठेवलेल्या बंदुकीत हे करू नका.

दुसरा पर्याय आम्ही बहुतेकांना सुचवतो: चांगल्या प्रतीचा, पॉलिश करून लेप दिलेला मिल-स्पेक (लष्करी मापदंडाचा) संच. एएलजी डिफेन्सचा एसीटी हे त्याचं नेहमीचं उदाहरण, किंमत सुमारे 70 ते 80 डॉलर. रचना मूळचीच असते, हॅमरची स्प्रिंग पूर्ण ताणाची असते, त्यामुळे प्रायमर फुटण्याची काळजी नाही. ओढ साडेपाच-सहाच्या आसपास राहतो, पण क्रीप सरळ, गुळगुळीत होतो. हातात घेतल्यावर तो आकड्यापेक्षा हलका वाटतो.

तिसरा म्हणजे टू-स्टेज. यात चाप आधी ठरावीक वजनाने मागे येतो, मग एका भिंतीला टेकतो, आणि तिथून थोड्याशा जोराने सुटतो. गिसेलेच्या एसएसएमध्ये ही विभागणी सुमारे अडीच आणि दोन, एकूण साडेचार पौंड अशी आहे. लारूचा एमबीटी-2एस याच वर्गातला असून बऱ्याचदा शंभर डॉलरच्या आत मिळतो. सीएमपी या अमेरिकी नागरी नेमबाजी संस्थेच्या सर्व्हिस रायफल स्पर्धेत किमान साडेचार पौंडांचा ओढ लागतो, म्हणून हा आकडा सगळीकडे दिसतो. संथ, नेमकी नेमबाजी आवडत असेल तर शंभर डॉलरचा सर्वोत्तम उपयोग हाच.

चौथा पर्याय ड्रॉप-इन कॅसेट: टिम्नी, सीएमसी, राइज वगैरे. सगळे पार्ट एका डबीत बसवलेले येतात. साडेतीन पौंड, जवळपास शून्य क्रीप, बसवायला सगळ्यात सोपा. तोटा असा की डबीत घाण अडकली तर साफ करणं अवघड जातं. जास्त दाबाच्या काडतुसाचा प्रायमर कधी निसटून खाली पडतो आणि ट्रिगरखाली अडकतो. उघड्या रचनेत तो झटकून काढता येतो, कॅसेटमध्ये बंदूक तिथेच थांबते.

किती पौंड ठेवावा?

कागदावरच्या टार्गेटसाठी 3.5 पर्यंत. घरात संरक्षणासाठी ठेवलेल्या बंदुकीला 4.5 च्या खाली जाऊ नका. घाबरलेल्या माणसाच्या बोटाला पौंडाचा फरक कळत नाही. नवशिक्यांनाही हलका ट्रिगर नको. बोट चापाबाहेर ठेवायची सवय पक्की व्हायला वेळ लागतो.

माझ्या बंदुकीत कुठलाही एआर-15 ट्रिगर बसेल का?

पिनचा व्यास बघा. जवळजवळ सगळ्या आधुनिक बजेट कार्बाइनमध्ये तो 0.154 इंच असतो. काही जुन्या कोल्टमध्ये मोठ्या पिना होत्या, त्यांना वेगळा संच लागतो. रुगर पीसी कार्बाइन, केल-टेक सब-2000, हाय-पॉइंट या बंदुका एआर-15 च्या नाहीत. त्यांची आतली रचना पूर्ण वेगळी आहे आणि इथलं काहीही त्यांना लावू नका.

एआर-15 च्याच लोअरवर (खालच्या भागावर) बांधलेली 9 एमएम ब्लोबॅक कार्बाइन (जिचा बोल्ट कुलूपबंद न होता नुसत्या वजनाने बंद राहतो) असेल तर सावध राहा. तिचा बोल्ट जड असतो, वेगाने मागे येतो आणि हॅमरला जबर ठोसा देतो. नाजूक कॅसेटमध्ये हॅमर किंवा पिन तुटतात. वर खाच असलेला हॅमर काही 9 एमएम बोल्टमध्ये अडकतो, तिथे गोल, बिनखाचेचा हॅमर घ्या. उत्पादकाने '9 एमएमला चालेल' असं लेखी म्हटलं असेल तरच विकत घ्या.

कुठली हत्यारं लागतात?

पिन ढकलायला 0.154 इंचापेक्षा किंचित बारीक पंच, पितळी किंवा नायलॉनची छोटी हातोडी, ग्रिपच्या स्क्रूसाठी 3/16 इंचाची अॅलन की (काही ग्रिपना साधा पेचकस), डोळ्यांना चष्मा, आणि खाली फिकट रंगाचा टॉवेल. त्या टॉवेलवर उडालेली स्प्रिंग सापडते. सेफ्टीच्या डिटेंटची (सेफ्टीला जागेवर धरणाऱ्या खिट्टीची) एक जादा स्प्रिंग आधीच मागवून ठेवा. ती एका डॉलरहून स्वस्त असते आणि हरवते तीच.

जुना ट्रिगर कसा काढायचा?

मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि मग करंगळी घालून चाचपा. काडतुसं खोलीबाहेर. मागची आणि पुढची पिन ढकलून अपर वेगळं करा.

हॅमर कॉक करून (मागे खेचून अडकवून) ठेवा. लोअर उलटं धरा, ग्रिपचा स्क्रू सोडवा आणि ग्रिप हळूहळू ओढा. ग्रिपच्या भोकात सेफ्टीची स्प्रिंग आणि तिच्यापुढे छोटा टोकदार डिटेंट असतो. दोन्ही बाटलीच्या झाकणात ठेवा. आता सेफ्टी डावीकडून सरकवून बाहेर काढा. हॅमर कॉक नसेल तर ती निघणार नाही.

मग अंगठ्याने हॅमर घट्ट धरून चाप दाबा आणि हॅमर हळू पुढे आणा. अंगठा तसाच ठेवून हॅमरची पिन पंचने ढकला. स्प्रिंगचा ताण चांगलाच असतो, हॅमर सुटून उडू देऊ नका. तो बाहेर आला की ट्रिगरची पिन सहज निघते, आणि चाप व डिस्कनेक्टर (गोळी सुटल्यावर चाप सोडेपर्यंत हॅमर अडकवून ठेवणारा भाग) वर उचलले जातात. काढायच्या आधी एक फोटो काढून ठेवा. स्प्रिंगचे पाय कुठे होते हे नंतर आठवत नाही.

नवा बसवताना लोक कुठे चुकतात?

तीन ठिकाणी, आणि तिन्ही चुका स्प्रिंगच्या आहेत.

ट्रिगरची स्प्रिंग: तिचे दोन पाय पुढच्या बाजूला, रिसीव्हरच्या तळावर टेकले पाहिजेत आणि आडवा भाग चापाच्या पुढच्या भागाखाली हवा. उलटी बसली तर चाप पुढे येतच नाही.

डिस्कनेक्टरची छोटी स्प्रिंग: एक टोक रुंद असतं. ते खाली, चापाच्या खळग्यात जातं. उलटी बसवली की ती निसटते किंवा तिरपी दबते, आणि रिसेट (चाप पुढच्या गोळीसाठी पुन्हा तयार होणं) बेभरवशाचा होतो.

हॅमरची स्प्रिंग: तिचे पाय मागे वळून ट्रिगरच्या पिनवर टेकतात आणि बंद कडी हॅमरच्या पाठीशी राहते. उलटी बसली तर हॅमर लुळा पडतो, प्रायमरवर हलका ठसा उमटतो आणि गोळी सुटत नाही. 'नवा ट्रिगर लावल्यापासून गोळ्या उडत नाहीत' या तक्रारीत पहिल्यांदा हीच बघा. याच स्प्रिंगचा एक पाय ट्रिगरच्या पिनेवरच्या खाचेत बसतो आणि पिन जागेवर धरतो. हॅमरची पिन मात्र हॅमरच्या आतल्या छोट्या जे-स्प्रिंगने धरलेली असते. ती पिन बसताना हलकी टिचकी जाणवली पाहिजे.

टू-स्टेजमध्ये डिस्कनेक्टर आणि चाप एकत्र धरायला एक आखूड तात्पुरती पिन येते. सगळं जागेवर ठेवून खऱ्या पिनेने तिला पलीकडे ढकलायचं. ती वापरली नाही तर तीन हात लागतात. शेवटी हॅमर कॉक करून सेफ्टी घाला, डिटेंटचं टोकदार डोकं सेफ्टीकडे, मग स्प्रिंग, मग ग्रिप. ग्रिप तिरकी ढकलली की ही स्प्रिंग मधोमध वाकते आणि सेफ्टी कायमची ढिली किंवा अडकलेली वाटते.

कॅसेटमध्ये खालचे स्क्रू रिसीव्हरच्या तळाला टेकवून डबी घट्ट करायची असते. आधी पिना बसवा, मग स्क्रू. सूचनेपेक्षा जास्त आवळले तर तळ फुगतो आणि पिना घासायला लागतात.

सेफ्टी फिरत नाही. चापाची शेपटी थोडी घासू का?

नका घासू. हॅमर कॉक नसताना एआर-15 ची सेफ्टी लागतच नाही, आधी तेवढं बघा. कॉक असूनही फिरत नसेल तर दुसरी सेफ्टी लावून पाहा, मापांत थोडा फरक असतो. तरीही जमलं नाही तर ट्रिगर परत पाठवा. सेफ्टी आणि चाप यांच्यातली फट हीच तुमची सेफ्टी आहे.

काम झालं. तपासणी कशी करायची?

बंदूक रिकामी, अपर जोडलेलं, नळी सुरक्षित दिशेला. बोल्ट मागे ओढून सोडा. सेफ्टी लावून चाप जोराने दाबा: काही होता कामा नये. बोट काढा आणि सेफ्टी 'फायर'वर न्या. या क्षणी हॅमर पडला तर काम चुकलंय, पुढे जाऊ नका. ही पायरी लोक विसरतात आणि सगळ्यात धोकादायक बिघाड इथेच दिसतो.

आता चाप दाबा, टक् असा आवाज येईल. बोट सोडू नका. चाप दाबलेलाच ठेवून बोल्ट मागे ओढून सोडा. हॅमर डिस्कनेक्टरवर अडकला पाहिजे. मग चाप अगदी हळू सोडा. रिसेटची टिचकी ऐकू येईल, पण हॅमर पडू नये. पुन्हा दाबला की पडला पाहिजे. हे सगळं दहा वेळा. त्यानंतर चापाला हात न लावता बोल्ट पूर्ण मागून पाच-सहा वेळा जोरात सोडा, आणि दस्त्याचा मागचा भाग रबरी मॅटवर ठोका. प्रत्येक वेळी हॅमर कॉकच राहिला पाहिजे.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा. नंतर दोन, मग तीन, मग पाच. पहिल्याच वेळी तीस भरू नका.

एकदा चाप दाबला आणि दोन गोळ्या सुटल्या. काय करू?

ताबडतोब थांबा, मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा. त्या बंदुकीतून आता एकही गोळी नको. याला डबलिंग म्हणतात. बहुतेक वेळा डिस्कनेक्टरची स्प्रिंग उलटी किंवा कमजोर असते, नाहीतर कुणीतरी डिस्कनेक्टर किंवा सिअर घासलेला असतो. धोका तर आहेच, शिवाय कायदाही आहे. एका दाबात एकाहून जास्त गोळ्या सोडणाऱ्या बंदुकीला संघीय कायदा मशीनगन मानतो, आणि 'चुकून झालं' हे सांगत बसणं अवघड जातं. सगळे पार्ट बदला किंवा बंदूक गनस्मिथकडे द्या.

याच कारणाने लष्करी एम16 चे हॅमर, डिस्कनेक्टर, सेफ्टी कितीही स्वस्त मिळोत, ते आपल्या कार्बाइनमध्ये मिसळू नका. बायनरी (दाबताना आणि सोडताना दोन्ही वेळा गोळी सोडणारे) आणि फोर्स्ड रिसेट (चाप स्वतःच पुढे ढकलणारे) ट्रिगर हा वेगळाच विषय आहे. काही राज्यांत त्यांना बंदी आहे, आणि अचूक नेमबाजीला त्यांचा काही उपयोग नाही.

ओढ नक्की किती आहे हे कसं मोजू?

ट्रिगर गेज (चापाचा ओढ मोजायचा काटा) घ्या. त्याचा हुक चापाच्या वळणाच्या मध्यावर लावा, नळीच्या समांतर, सरळ मागे, हळू ओढा. दहा वेळा मोजून सरासरी काढा. दहा आकड्यांत पौंडाहून जास्त फरक येत असेल तर सरासरीपेक्षा तो फरकच जास्त महत्त्वाचा. पृष्ठभाग कोरडे आहेत किंवा एखादी पिन तिरकी आहे.

जुना ट्रिगर टाकून देऊ का?

नाही. पिना, स्प्रिंग सगळं एका पिशवीत, तेलाचा हात लावून ठेवा. नव्यात काही बिघडलं तर बंदूक वीस मिनिटांत पूर्ववत होते. वॉरंटीसाठी कंपनीकडे पाठवायची वेळ आली तर बहुतेक कंपन्यांना मूळ पार्टच हवे असतात.

भारतातल्या भावाला किंवा मित्राला असा ट्रिगर नेऊन देता येईल का?

बिलकुल नाही. अमेरिकेत सुटा ट्रिगर नोंदणीशिवाय पोस्टाने घरी येतो, कारण तिथे क्रमांक असलेलं लोअर रिसीव्हर हीच कायद्याने 'बंदूक'. भारताच्या शस्त्र कायदा 1959 मध्ये शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. विमानतळावर सामानात निघालेला ट्रिगर हा शस्त्राचाच भाग ठरेल. अमेरिकेचे निर्यात नियम वेगळे, तेही लागू होतात. भारतात शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, त्यामुळे परवान्याच्या बंदुकीचं असं काम परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडूनच करून घ्यावं. भारतात येताना बॅगेत फक्त कपडे आहेत ना, हे एकदा तपासा. रेंजवर नेलेल्या पिशवीच्या कप्प्यात एखादी पिन, स्प्रिंग किंवा रिकामी पुंगळी राहून गेलेली असते, आणि एका पुंगळीपायीही सुरक्षा तपासणीत चौकशी सुरू होते.